नकाशासाठी इर्जिक

तुमच्या गावाचा नकाशा शेवटचा कुणी पायी फिरून काढला, सांगता येईल?

आमच्या मावळाचे नकाशे खुर्चीत बसून पुष्कळ निघालेत. उपग्रहाचे स्वच्छ फोटो उन्हाळ्यातले, आणि उन्हाळ्यात भातखाचरं कोरडी, ओसाड दिसतात. पावसाळ्यात ती हिरवी होतात तेव्हा वर ढग असतात. मग सरकारी विकास आराखड्यात आमची जमीन ‘मोकळी’ ठरते. मोकळी म्हणजे बंगल्यांना, तंबूंना, प्लॉटिंगला खुली. या शब्दाचा मला आजही संताप येतो.

म्हणून आम्ही काही जण गेल्या पावसाळ्यात इंद्रायणी आणि पवना, दोन्ही नद्यांची खोरी चाललो. कागदावर चौकोन आखलेले. चौकोनात पिकाखालची जमीन जितकी जास्त, तितका हिरवा रंग गडद. लोणावळ्याकडचे चौकोन जवळजवळ पांढरेच राहिले. कान्हे गावाच्या आसपास हिरवा टिकून होता, पण ठिगळांसारखा. माझ्या वाट्याला पवनानगरच्या पुढचं एक गाव आलं. तिथल्या ग्रामसभेला आराखड्यावरच्या हरकतीसोबत आमचा नकाशा जोडायचा होता.

त्या गावच्या उतारावर एका चौकोनात दोन्ही कडांना पर्यटकांचे तंबू आणि मधे एकट्या राहणाऱ्या एका मावशीची खाचरं. ती हिरवी झाली तर शेताचा पट्टा अखंड राहणार होता. पांढरी राहिली तर दोन्हीकडचे तंबू कागदावर एक होणार होते. मी पोचले तेव्हा खाचरांत गुडघाभर गवत होतं. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. बांधावर काठी टेकून ती उभी होती.

“कर हिरवं,” ती म्हणाली. “भाताचंच रान हाय. जन्म गेला हितं माझा.”

“आत्ता भात नाही ना, मावशी.”

“मग? पुढच्या साली व्हईल की.”

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडील देहूरोडच्या डेपोत कामाला होते, आणि कामगारांच्या पत्रकांच्या घड्या आमच्या ओट्यावर व्हायच्या. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. वडिलांचा एकच नियम होता: डोळ्यांनी पाहिलं नाही ते छापायचं नाही, आपल्या फायद्याचं असेल तर मुळीच नाही. एक खोटा चौकोन सापडला की समोरचा माणूस सगळा नकाशा खोटा ठरवतो. हे मी मावशीला सांगितलं.

“सरकारापरीस तूच कडक हायेस,” ती म्हणाली. मग काठीनं गवत बाजूला सारत तिनं विचारलं, “किती दिस हायेस गावात?”

“रविवारपर्यंत.”

“मग आयतवारी ये. तवर रंगवू नको काई.”

नंतर शेजारणीनं सांगितलं की लोकांनी आधीच दोनदा विचारलं होतं, इर्जिक घालू का? इर्जिक म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाचं शेत करायचं, मजुरी नाही, फक्त जेवण. मावशी दोन्ही वेळा नको म्हणाली होती. स्वतःसाठी कुणापुढं हात पसरायचा तिचा स्वभाव नव्हता. त्या संध्याकाळी मात्र ती काठी टेकत घरोघर गेली. म्हणाली, “माझ्यासाठी न्हाई मागत. नकाशा गावाचा हाय.”

रविवारी मी गेले तर बांधावर माणसंच माणसं. ज्याच्या त्याच्या लावणीतून उरलेली रोपं पाट्यांत आलेली. चिखलणीला पॉवर टिलर घेऊन शेजारचा तंबूवाला आला होता, ज्याच्याविरुद्ध मीच पत्रक लिहिलं होतं.

“ताई, चार वळी हायेत माझ्यावर,” तो म्हणाला. “पाठ हायेत मला. सरका आता, चिखल उडंल.”

“खोटं लिहिलंय का?”

“न्हाई. म्हनून तर पाठ झालं.”

बाया हसल्या. मावशी बांधावरून ओरडली, “भांडा नंतर, आदी रोपं लावा.” मीही चिखलात उतरले. माझी ओळ वाकडी गेली तर एक आजी म्हणाली, “रंगवायला बरी हाय ही पोर.” दुपारी मावशीच्या पडवीत भात आणि कालवण. तंबूवाला माझ्या शेजारीच जेवायला बसला. त्याच्या तंबूंबद्दलचं माझं मत बदललं नाही, पण त्याच्याबद्दलचं बदललं.

जेवणानंतर मी तो चौकोन हिरवा केला. मावशीनं कागद हातात घेतला, चौकोनावर बोट ठेवलं आणि विचारलं, “आता खरं हाय ना?” मी म्हणाले, “व्हय, मावशी.”

हरकतीचा निकाल अजून आलेला नाही. पण त्या गावाचे उपकार मी विसरणार नाही. माझं खरं राखायला ती माणसं चिखलात उतरली.

पत्रकाच्या शेवटी मागणी असावी, असं मी मोठी होता होता शिकले. माझी मागणी एवढीच आहे. या पावसाळ्यात एक दिवस काढून आपल्या ओढ्याकाठची शेतं पायी फिरा. पिकतं ते हिरवं करा. पडीक दिसेल तिथं पांढरं सोडून पुढं जाऊ नका. हे कुणाचं आणि ते माणूस कुठं आहे, हे विचारा. मग रोपं घेऊन तिथं जा.