यानाचा जाळ खाली की वर

पेणजवळच्या जोहे गावातल्या आमच्या गणपती कारखान्यात एक रीत होती. गिऱ्हाइकानं खोट काढली की वाद घालायचा नाही, मुकाट ब्रश उचलायचा. या रीतीचा मला आजही संताप येतो. वडील मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचे. हात असा, की पेणचे मोठे कारखानदार मुद्दाम बोलावणं धाडायचे. पण कुणी काही बोललं की यांची मान खाली.

मी तेव्हा बारावी सायन्सला होते, एसटीनं पेणला जायची. त्या वर्षी पेणच्या एका मंडळानं वडिलांना देखावा सांगितला: चंद्रावर यान उतरतंय आणि समोर बाप्पा बसलेत. वडिलांनी यान केलं, लाल-पिवळ्या जिलेटीन कागदाचा जाळ कापला आणि मला विचारलं, "ह्यो कुठं लावू गो? वर ना?"

मी म्हटलं, खाली. यान खाली येतंय ना, मग जाळही खालीच सोडायचा. तो यानाला उलटा रेटतो, वेग मोडतो. नाहीतर चंद्रावर आपटून चक्काचूर.

वडिलांनी जाळ यानाच्या खाली धरून पाहिला. "म्हंजी होडी धक्क्याला लागताना उलटं वल्हं मारतो, तसं?"

"व्हय बाबा, तस्संच."

इतके खूश झाले! आल्यागेल्याला सांगत सुटले, "आमच्या पोरीनं सांगितलंय."

देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक म्हणून आले आमच्याच कॉलेजचे फिजिक्सचे सर. रोज रोह्याहून यायचे, आणि येताना सगळी अक्कल आपणच घेऊन आलोय असा तोरा. देखाव्यासमोर उभे राहून ते चारचौघांत हसले. "अहो कारागीर, जाळ खाली लावलात तर यान वर जाईल! उतरायचंय ना त्याला? जाळ वर घ्या."

उचलली जीभ लावली टाळ्याला! फिजिक्सचा माणूस, आणि धावत्या वस्तूला थांबवावंही लागतं हे त्याच्या गावीही नाही. मंडळाची माणसं फिदीफिदी हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. पण प्रॅक्टिकलचे मार्क सरांच्या हातात, माझा हात दगडाखाली. मी मूग गिळून गप्प बसले. वडील स्टुलावर चढले, जाळ सोडवला आणि यानाच्या डोक्यावर चिकटवला. "आता कसं!" सर म्हणाले. टाळ्या पडल्या. मंडळाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

परतताना एसटीत वडिलांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "सर चुकलं का तू?"

"सर."

"मंग गप का ऱ्हायलीस गो?"

सरांवरचा राग मी वर्षानुवर्षं जपला, कारण तो सोपा होता. या प्रश्नावर मात्र मी तेव्हा तिकिटाची घडी घालत बसले.

प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी मार्क पडले. पुढं मी पदवीधर झाले. घरात औषधाची बाटली आली, की मी समोर असतानाही तिच्यावरचं वाचून घ्यायला वडील शेजारणीकडे जायचे.