माझ्या नावचा तांदूळ

वेल्ह्याच्या तहसील कचेरीतल्या बाईंशी मी भांडले, हे आधीच सांगून टाकते. चूक त्यांची नव्हती. पण मला राग आला की तोंड आधी सुटतं आणि डोकं मागाहून येतं, त्याला माझा इलाज नाही. तालुक्याच्या पाटीवर आता राजगड लिहितात, एसटीत मात्र सगळे वेल्ह्याचंच तिकीट मागतात. मीही तेच काढून पासलीहून आले होते, मांडीवर कागदांची पिशवी धरून.

मला रहिवासी दाखला हवा होता. आमच्या अंगणवाडीच्या सेविका निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांच्या जागी गावातलीच बाई घ्यायची, असा नियम. बारावी झालेली आणि अर्ज करायला तयार अशी गावात मी एकटीच. माझी लेक त्याच अंगणवाडीत जायची, आणि तिला सोडायला म्हणून गेलेली मी दुपारपर्यंत तिथंच रमायची. पोरांची नाकं पुसायची, गाणी म्हणायची, भांडणं सोडवायची. आपल्याला आयुष्यात हेच काम हवं होतं हे मला तिथं कळलं. अर्जाची शेवटची तारीख पुढच्या सोमवारी होती.

"तुम्ही नक्की कुठल्या?" कचेरीतल्या बाईंनी विचारलं.

"पासलीच्या."

"संगणक म्हणतो तुमचं नाव बेळगावच्या रेशनकार्डावर आहे. म्हणजे तुम्ही कर्नाटकात राहता. तुमच्या सासऱ्यांचा जबाब म्हणतो की तुम्ही जन्मापासून पासलीत राहता. आणि तुमचा शाळेचा दाखला म्हणतो, जन्म बेळगावचा. आता यातलं मी खरं काय धरू?"

मी म्हटलं, तुमच्यासमोर उभी आहे ती खरी धरा. त्यावर त्या हसल्या, आणि त्या हसल्या म्हणून मी आणखी भडकले. मग जे काही बोलले ते इथं लिहीत नाही. त्या बिचाऱ्या मान खाली घालून एका चिठ्ठीवर लिहीत राहिल्या. एक, बेळगावच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणा. दोन, सासऱ्यांचा जबाब नवा करा. चिठ्ठी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "हे घेऊन या, मी त्याच दिवशी देते."

लग्न होऊन दुसऱ्या राज्यात गेलं की काय काय करावं लागतं, हे मुलीला कोणी सांगत नाही. चटणी कशी करायची ते सांगतात, कुणाच्या पाया पडायचं ते सांगतात. मी आधारवरचा पत्ता बदलला होता, मतदार यादीत नाव घातलं होतं, एकदा मतदानही केलं होतं. मला वाटलं, झालं. रेशनकार्डाचं माझ्या ध्यानातही नव्हतं. आमच्या घरी भात पिकतं, रेशनच्या दुकानात मी कशाला जाते.

एसटीतूनच आप्पांना फोन लावला. आप्पा, म्हणजे माझे वडील, बेळगावात टेलर आहेत. गल्लीच्या तोंडाशी एक मशीन, एक टेबल, एवढंच दुकान. मी सगळं सांगितलं. मशीनचा आवाज थांबला.

"नाव कमी करायचं म्हणजे कापायचं न्हवं?"

"तेच. अर्ज द्यायचा, ते कागद देतात."

"मी न्हाई कापणार."

"आप्पा, नोकरीचा प्रश्न आहे."

"ह्या हातानं एकदा कापलंय नाव. परत न्हाई कापणार." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी खिडकीशी तशीच बसून राहिले. आई गेली तेव्हा मी नववीत होते. आप्पा कचेरीत जाऊन तिचं नाव कमी करून आले होते आणि त्यानंतर दोन दिवस त्यांनी मशीनला हात लावला नव्हता. त्या कार्डावर आम्ही दोघंच उरलो होतो. मीही कमी झाले की एकटे आप्पा. हे मला आधी सुचायला हवं होतं, पण सांगितलं ना, माझं डोकं मागाहून येतं.

घरी आले तर अंगणात भाताची झोडणी चाललेली. मामंजी, म्हणजे माझे सासरे, पेंढ्या आपटत होते आणि साऱ्या अंगणात नव्या भाताचा वास. मी पिशवी ओट्यावर टाकली आणि सरळ विचारलं, "मामंजी, तलाठी आले होते तेव्हा तुम्ही काय सांगितलंत? मी जन्मापासून इथं राहते?"

"व्हय."

"माझा जन्म बेळगावचा आहे."

"ते मला ठाव न्हाई व्हय? म्याच आलो हुतो की तुला बघायला." त्यांनी पेंढी खाली ठेवली. "पर आपल्यात सुनेची वरसं मोजत न्हाईत. मोजली की ती पाव्हणी झाली. माझ्या आईला कुनी इचारलं, कवा आलीस गं हितं, तर ती म्हनायची, जल्मापासनं. तुझी सासू पन तसंच म्हनती. त्यो तलाठी म्हनला, सून किती वरसं ऱ्हाती, तर मी काय सांगू?"

"पाच वर्षं सांगायचं."

"पाच?" मामंजी असे दचकले, जणू मी त्यांना घराबाहेर काढायला निघाले होते. "येवढं कमी सांगितल्यावर लोक काय म्हनतील? आनि पंच बी व्हय म्हनले की."

पंच म्हणून शेजारचे दोन म्हातारे होते. त्यांनी माना डोलावून सह्या ठोकल्या होत्या, कारण त्यांच्या सुनाही जन्मापासूनच तिथल्या. मला हसू आवरेना आणि राग पण आवरेना. तिकडे एक म्हातारा मला सोडायला तयार नाही आणि इकडे दुसरा मला जन्मल्यापासूनची धरून बसलाय. दोघांच्या मायेत माझी नोकरी चालली होती बुडायला.

नवरा संध्याकाळी आला. तो टेम्पो चालवतो, शिवऱ्याला हायवेवर त्याचा थांबा. सगळं ऐकून तो पोट धरून हसला. "तुला दोन्हीकडनं ओढायलेत," म्हणाला. मी त्याला भाकरी वाढली नाही. सासूबाईंनी वाढली.

पुढचे तीन दिवस मी आप्पांना फोन केला नाही, आणि त्यांनी मला केला नाही. मामंजींना मी रोज समजावत होते आणि ते रोज ऐकून घेत होते, पण नव्या जबाबाचं नाव काढलं की गोठ्यात निघून जायचे. शुक्रवारी मी ठरवलं, नाही मिळाली नोकरी तर नाही मिळाली. ठरवलं आणि चुलीपुढे बसून रडले. सासूबाईंनी पाहिलं. त्यांनी नुसती माझ्या हातातली फुंकणी घेतली आणि मला बाजूला सरकवलं.

शनिवारी दुपारी नवऱ्याचा फोन आला. "शिवऱ्याला थांब्यावर उभा होतो, तर एसटीतनं तुझे वडील उतरले. घेऊन येतोय."

टेम्पो अंगणात शिरला तेव्हा नवं भात वाळत घातलं होतं. आप्पा खाली उतरले, पांढरा शर्ट, खिशाला टेप अडकवलेली, जशी दुकानात असते तशीच. खांद्यावर एक कापडी पिशवी. ती त्यांनी ओट्यावर ठेवली आणि मला म्हणाले, "घे. तुझा तांदूळ."

पिशवी शर्टाच्या उरलेल्या कापडांची शिवलेली, आणि वर मशीनच्या लाल दोऱ्यानं माझं नाव काढलेलं. आत रेशनचा तांदूळ.

"हे काय?"

"तुझ्या नावचा मिळायचा की. दर महिन्याला ह्या पिशवीत वेगळा ठेवायचो. आयतवारी तेवढाच शिजवायचो, तू आल्यागत वाटायचं. हा शेवटचा. परवा नाव कापून आलो."

"पाच वर्षं? आप्पा, हे बेकायदा आहे, कळतंय का?"

"कळतंय की," आप्पा म्हणाले. "तिथल्या सायबाला बी सांगितलं. लई बोलला. ऐकून घेतलं." आणि खिशातून कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला. नाव कमी केल्याचा दाखला. खाली शिक्का. मी तो वाचला आणि मला धड रडताही येईना, धड हसताही येईना, कारण ज्या घरी अंगणभर भात पसरलं होतं तिथं माझे वडील साडेतीनशे किलोमीटरवरून तांदूळ घेऊन आले होते.

मामंजी हात पुसत पुढे आले. त्यांनी पिशवी उचलून पाहिली, नावावरून बोट फिरवलं. ते वाचायला फारसं शिकलेले नाहीत, पण माझं नाव त्यांना ओळखता येतं. "इवाई," ते आप्पांना म्हणाले, "कार्डावर आता कोन ऱ्हायलं?"

"मी हाय की."

मामंजींनी पिशवी जपून ओट्यावर ठेवली. चहा झाला, पान झालं. मग ते उठले, टोपी घातली आणि नवऱ्याला म्हणाले, "टेम्पो काढ. तलाठी घरी असंल."

आम्ही सगळेच गेलो. तलाठ्यांनी जुना जबाब रद्द करून नवा कागद घेतला आणि विचारलं, "सून किती वर्षांपासून इथं राहते?" मामंजी खालमानेनं बसून राहिले. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांना तो आकडा तोंडातून काढता येईना. शेवटी आप्पाच बोलले.

"लगीन झाल्यापासनं. पाच वर्षं. त्याच्याआधी माझ्याकडं होती."

तलाठी म्हणाले, जबाब घरच्या कर्त्याचा लागतो. तेव्हा मामंजींनी मान वर केली. "लिवा. पाच वरसं. त्याच्याआदी ह्यांच्याकडं हुती." आणि सही करताना आप्पांचा हात त्यांनी हातात धरून ठेवला होता. त्यामुळं सही जरा वाकडी आली.

सोमवारी कचेरीतल्या बाईंनी शब्द पाळला. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, तुमच्यासारख्या दिवसाला दोन येतात, फक्त इतक्या मोठ्यानं बोलत नाहीत. दाखला घेऊन मी त्याच दुपारी अर्ज भरला, आणि पुढे रीतसर मला ती जागा मिळाली.

पण मला सांगायचंय ते त्या सोमवारच्या जेवणाचं. सासूबाईंनी आप्पांच्या पिशवीतला तांदूळ शिजवला. मामंजींनी उभ्या जन्मात घरच्या इंद्रायणीशिवाय दुसरा भात तोंडात घातलेला नाही. कुठं लग्नाला गेले तरी भाकरीच खातात. त्यांनी तो जाडा रेशनचा भात दोनदा मागून घेतला. आप्पा म्हणाले, "राहू दे इवाई, तुमच्या भाताची चव न्हाई त्याला." मामंजी म्हणाले, "न्हाई कशी? लेकीच्या नावचा हाय."

आप्पा दुसऱ्या दिवशी निघाले. मी त्यांची पिशवी धुऊन वाळत घातली होती, ती घडी करून द्यायला शोधू लागले तर सापडेना. मामंजी अंगणात होते. पिशवी त्यांनी नव्या इंद्रायणीनं काठोकाठ भरली होती, तोंड सुतळीनं बांधलं होतं आणि नाव वर येईल अशी टेम्पोत पुढच्या सीटवर ठेवली होती.

"हे कशाला?" आप्पा म्हणाले.

"कार्डावरनं नाव कमी झालं म्हनून तिचा वाटा कमी व्हत न्हाई," मामंजी म्हणाले. "पिशवी रिकामी झाली की टेम्पोवाल्याकडं द्या. आमी भरून पाठवू."

हायवे शिवऱ्यावरून थेट बेळगावला जातो आणि नवऱ्याच्या ओळखीचे ड्रायव्हर रोज जात असतात. तेव्हापासून ती पिशवी जाते-येते. आप्पा आयतवारी भात लावतात आणि मला फोन करून सांगतात, तू आलीस जेवायला.