घरचंच रक्त

संगमनेरात माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. कॉलेजातल्या मुलामुलींचं रक्त थॅलेसेमियासाठी मी वर्षानुवर्षं तपासत आलेय. नवरा-बायको दोघांच्या रक्तात तो दोष लपलेला असला, तर मूल आजारी जन्मू शकतं, हे मी स्टँडवर भेटलेल्यालासुद्धा ऐकवायचे. लोक कंटाळायचे, कंटाळू देत.

माझ्या मुलाचं लग्न माझ्याच भावाच्या मुलीशी ठरलं. आमच्यात मामाची मुलगी करतातच. लग्नाआधी ती घोडेगावहून लॅब बघायला आली, तेव्हा बाही वर करून म्हणाली, "आत्या, माझंबी रक्त घ्या की."

"चल, शहाणी. तू काय परकी आहेस?" असं म्हणून मी तिला चहाला घेऊन गेले. सिरिंज टेबलावरच होती.

नात आता तेरा वर्षांची आहे. दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागतं आणि त्या रक्तातलं लोह लिव्हरमध्ये साचत जातं. गेल्या वर्षी जीन एडिटिंगचं कळलं. तिच्याच पेशी काढायच्या, त्यांतल्या जीनमध्ये दुरुस्ती करायची आणि त्या तिला परत द्यायच्या. मग रक्ताची पिशवी कायमची सुटली असती. पण त्याआधी फार जहाल औषध द्यावं लागतं, म्हणून उपचार केंद्राने लिव्हरचा रिपोर्ट मागितला. तपासणीसाठी काढलेला लिव्हरचा तुकडा माझ्याच लॅबमध्ये आला. पुण्याला पाठवता आला असता. नाही पाठवला. दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबून वाट बघत बसणं मला जमत नाही.

लोहाचे निळे ठिपके सगळीकडे होते, ते दिसणारच होते. पण व्रणाचे पट्टेही एकमेकांना जाऊन मिळाले होते, म्हणजे लिव्हर आतून निबर झालं होतं. दुसरी स्लाइड लावली, तिसरी लावली. तेच. मला काहीच वाटेना, आणि त्याचीच भीती वाटली. रोजच्याच शब्दांत रिपोर्ट लिहिला, सही केली, चहा मागवला आणि प्यालेसुद्धा. दोन दिवसांनी केंद्राचं उत्तर आलं: या लिव्हरला हा उपचार झेपणार नाही.

घरी सून भाकरी थापत होती. तिला सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. तव्यावरची भाकरी उलटून तिने विचारलं, "आत्या, ह्या टायमाला तुमी सवता तपासलं ना?"

मी हो म्हटलं.

"मग बरोबरच आसंल," ती म्हणाली आणि पुढचा गोळा घेतला.