वरच्यासारखंच

तुंगार्लीची सविता ढोरे निवृत्तीनंतर पोथ्या वाचत बसणाऱ्यांतली नव्हे. कॉलेजात संगणक शिकवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. आता ती धरणाखाली गेलेल्या एका वाडीचा विकी चालवत होती. वाडीची माणसं मोबाइलवरून स्वतःच भरतील अशी साधी पानं. तक्त्यात नाव, मग उभी रेघ, मग ‘आता कुठे’. एकच उत्तर खालच्या ओळींनाही लागू असेल, तर चौकट उभी जोडायची कशी? ओळी मोजून आकडा घालायची जुनी पद्धत तिने फेकून दिली. कोण मोजत बसणार? जागा रिकामी सोडा, वरची चौकट आपोआप खाली पसरेल.

पवनानगरच्या अंबूबाईला अक्षर येत नव्हतं. भाचा निलेशने सवितासमोरच तक्ता वाचून दाखवला. वडील नथू धरणाआधीच वारलेले, त्यांच्यापुढे ‘वाडीतच’. खाली चंपा, तिच्याखाली अंबू, दोघींच्या जागा रिकाम्या. ‘वाडीतच’ तिघांवर पसरलं होतं.

“बाई, मला जितेपणी बुडवलंत व्हय?” अंबूबाई हसली. “माझं ऱ्हाऊ द्या. चंपाचं काढा. पानी चढत हुतं तवा थोरली भन शेळी आनाया म्हनून गेली, ती गेलीच. तवापासनं घरात शेळी पाळली न्हाई. पर ती मेल्याचं कुनी बघितलं न्हाई. पितराला तिच्या नावाचा घास ठेवत न्हाई आमी. तिची जागा मोकळीच पायजे.”

चूक खरीच होती. सविताने तिथेच नियम बदलला. रिकामी ती रिकामीच राहील. जोडायचं असेल तरच चौकटीत टोपीसारखी खूण घालायची, ^ अशी. अंबूच्या ओळीत तिने ‘पवनानगर’ लिहिलं.

“टोपी म्हंजे वरच्यासंगं,” अंबूबाई पुटपुटली. “कळलं.”

उन्हाळ्यात चंपाच्या चौकटीत टोपी दिसली. बदल अंबूबाईच्या फोनवरून. म्हातारीचा अंगठा लागला असेल, म्हणत सविताने ती पुसली. ती पुन्हा आली. मग एका सकाळी ‘पवनानगर’ही गेलेलं, तिथेही टोपी.

तिने फोन लावला. उचलला निलेशने.

“मावशी कुठंय रे?”

“धरणाकडं गेली. पानी लय आटलंय, वाडीची जोती उघडी पडलीत म्हनली. फोन हितंच टाकून गेली.”

“कधी?”

“लय येळ झाला, मॅडम.”

“मग बोलतोस काय? पळ, घेऊन ये तिला.”

निलेश फोन तसाच ठेवून पळाला. सविताने संगणकावर टोपी पुसून ‘पवनानगर’ लिहिलं. पान हललं, अक्षरं गेली, टोपी परत बसली, अंबूबाईच्याच फोनवरून. कानाशी धरलेल्या फोनात, त्या रिकाम्या घरात, अगदी जवळून शेळी ओरडली.