पिवळसर चेहरा

प्रदर्शनातल्या स्टॉलच्या भिंतींना काय लावायचं, हे स्टॉल बनवणाऱ्या त्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं मास्तरच ठरवत. चिकटवायच्या व्हिनाइलवर दिवे चमकतात, फोमच्या पाट्यांचे कोपरे ने-आण करताना मोडतात, फ्लेक्सला घडी पडली की ती जात नाही, हे त्यांना बोटांनीच कळायचं. रंग मात्र चार वर्षांपासून दगा देत होते. पिवळा नि पांढरा त्यांच्या डोळ्यांत एक होऊ लागला होता.

हे फक्त बायकोला ठाऊक होतं. मास्तर छपाईचे नमुने घरी आणायचे. ती भाजी चिरता चिरता सांगायची, हा बरा, हा आजारी दिसतोय. मास्तर नमुन्याच्या मागे पेन्सिलीने खूण करायचे.

ती अकरा दिवस इस्पितळात होती. मग गेलीच.

मास्तर पुन्हा कामावर आले, तेव्हा पंपांची कंपनी चालवणाऱ्या एका बाईंच्या स्टॉलचं काम होतं. त्यांचे यजमान वर्षापूर्वी वारले होते. मागच्या भिंतीवर त्यांचा मोठा फोटो हवा होता. मास्तरांनी न चमकणारं, चौकटीत ताणून बसवायचं कापड निवडलं. छपाईचे दोन नमुने घरी नेले, टेबलावर मांडले आणि सवयीने स्वयंपाकघराकडे पाहून म्हणाले, "अगं, बघ जरा." तिथे कुणी नव्हतं. शेवटी अंदाजानेच एक उचलला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी स्टॉलमधले दिवे लागले. बाई फोटोपुढे उभ्या राहिल्या.

"असे पिवळे ते फक्त शेवटच्या महिन्यात होते," त्या हळूच म्हणाल्या. "तेवढाच महिना मला विसरायचा होता."

मास्तरांनी तिथेच, कारखान्याच्या मालकांसमोर, सगळं सांगून टाकलं. आधी का बोलला नाहीत, असं मालकांनी विचारलं.

"काय सांगणार? निम्मं काम तिचं होतं. तिला कुणी ओळखतही नव्हतं."

मालक दुसरं कापड छापून आणायला निघून गेले. मास्तरांनी आपल्या हातांनी फोटो उतरवला, नीट गुंडाळला. बाईंनी विचारलं, त्यांना जाऊन किती दिवस झाले. चाळीस, ते म्हणाले. बाईंनी शेजारची खुर्ची पुढे ओढली. नवं कापड येईपर्यंत दोघं रिकाम्या चौकटीसमोर बसून होते. कापड बसवून झाल्यावर मास्तरांनी मालकांना सांगितलं, उद्यापासून येणार नाही.