डोंगरावरची पार

गेल्या पौषात शिक्षकांच्या खोलीत साकोलीकडचे एक सहकारी म्हणाले, "सुटीत रोज तलावाच्या पारीवर फिरायला जायचो." तलावावर पार कसा, असं मी विचारलं. ते हसले. "आमच्या झाडीपट्टीत ळचा र होतो. डोळ्याला डोरा म्हणतात, पाळीला पार. तलावाचा बांध हो."

त्यांचा विषय तिथे संपला. मी घरी येऊन आठ वर्षांपूर्वीची रोजनिशी काढली आणि अर्जुनीला जायचं ठरवलं.

नागपूरहून गोंदिया, तिथून छोट्या गाडीनं अर्जुनी. महायुद्धामुळे गाड्यांना गर्दी आहे. बसायला मिळेल असं धरून निघू नये. गोंदियाला चहा-भजी मिळतात, पुढे काही नाही, म्हणून मुरमुरे बांधून घ्यावेत. अर्जुनीहून बैलगाडी, भाडं परतीसह आधीच ठरवावं. धान कापून झालं होतं, त्यामुळे गाडी बराच वेळ मोकळ्या बांध्यांतूनच, म्हणजे धानाच्या खाचरांतूनच, चालली. मग पक्का रस्ता लागला. ओढ्यावरच्या पुलाचे दगड मोठे, काळे, जुने दिसले.

"हे दगड कुठले?"

"डोंगरावरचे," गाडीवान म्हणाला. "पयले तिथं कोट होता. आता इथं पूल आहे."

तिथूनच परत फिरावंसं वाटलं, हे लपवत नाही.

मागच्या वेळी या डोंगराच्या माथ्याभोवती छातीएवढी भिंत होती. चुना नाही, नुसता दगडात दगड बसवलेला. कोणी, केव्हा रचली, गावात कोणाला ठाऊक नव्हतं. उताराच्या बाजूला भिंतीला अडून पावसाचं पाणी साचे, गुरं तिथे पीत. मधोमध मोहाचं झाड, त्याभोवती दगडी ओटा. दसरूजी नावाच्या कोहळी शेतकऱ्यानं मला वर नेलं होतं. त्यांच्या वाडवडिलांनी तलाव बांधलेले. दगडाची पारख घरातलीच. रस्त्याचा ठेकेदार तेव्हा दगडांसाठी डोंगराकडे चकरा मारत होता. दसरूजी म्हणाले, "गुरुजी, ही पार लय जुनी आहे. रस्त्याच्या साहेबाले लिवून देजा, हात नोको लावू म्हना."

मी लिहून दिलं: मोहाभोवतीचा पार जुना आहे, तो हलवू नये. भिंतीबद्दल कोणी विचारलं नाही असं मी समजलो, पुरावाही नव्हता, म्हणून तिच्याविषयी एक शब्द लिहिला नाही. त्या काटेकोरपणाचं मला समाधानही वाटलं होतं.

दसरूजी अंगणात दोरी वळत बसले होते. त्यांनी ओळखलं. "काऊन आले गुरुजी? आता काय पाहाले?" तरी काठी घेऊन निघाले. चढ अर्ध्या तासाचा, पण मुरूम निसरडा आहे. चपला घालून जाऊ नये.

वर भिंत नव्हती. पायाच्या दगडांची ओळ तेवढी गवतातून शोधावी लागते. माघातही जिथे पाणी पाहिलं होतं तिथे जमीन भेगाळलेली. आणि मधोमध मोहाचा ओटा, एकही दगड न हललेला.

"तुमचा कागद चांगला होता," दसरूजी म्हणाले. "साहेबानं दोनदा वाचला. म्हने, मास्तरनं लिवलं तेवढं सोडा. तेवढं सोडलं."

मी त्यांना माझी चूक सांगितली. त्यांनी काठी ओट्यावर टेकवली. "याले आमी ओटाच म्हनतो. पार म्हनाले इथं पानी कुठं अडते? एकदा इचारलं असतं न."

"गुरं कुठे नेता आता?"

"नदीवर नेऊन राहिलो. दोन कोस."

नवा अर्ज लिहून देतो, मी म्हणालो.

"आता कायले? पूल उचलून आनता का?" मग त्यांनी फडकं सोडलं, भात आणि लाखोरीची भाजी निम्मी माझ्यापुढे केली. आम्ही त्याच ओट्यावर बसून जेवलो. बसायला दुसरी जागा उरली नव्हती.

डोंगर पाहण्यासारखा आहे का, असं विचाराल तर जरूर जा. दसरूजींना सोबत घ्या, आणि ते म्हणतील ते जसंच्या तसं लिहून घ्या.

घरी आल्यावर रोजनिशीतलं ते पान पुन्हा वाचलं. आमचा पार पुल्लिंगी. दसरूजी 'जुनी' म्हणाले होते. ते कानाला खटकलं होतं, पानावर दिसतं. आधी मी त्यांच्यासारखं 'जुनी'च लिहिलंय. मग माझ्यातल्या भाषेच्या मास्तरानं वरची वेलांटी तेवढी खोडली आहे. खाली काना राहिला, आणि 'जुना' झालं.