ज्या हातांनी पाडलं

पाय मुरगळला म्हणून चोळून घ्यायला मी कोल्हापुरातल्या एका तालमीत जात होतो. तिथे रोज संभा पैलवान पालथा पडलेला दिसे. सरावात त्याच्या जोडीच्या धनाजीच्या डावाने त्याचा खांदा दुखावला होता, आणि आता धनाजीच कोमट तेलाने तो चोळायचा. संभा एवढा दांडगा गडी, पण धनाजीचा अंगठा दुखऱ्या जागी आला की श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

"लई दुखतंय का रं?"

"दुखू दे. तू थांबू नगंस."

ज्याने दुखावला, त्याच्याच हाती खांदा असा निर्धास्त सोपवायला केवढी छाती लागत असेल!

एका सकाळी संभाचा दुखरा हात सरळ डोक्याच्या वर गेला. धनाजीने तेलकट हातांनीच डोळे पुसले आणि डोळ्यांत तेल गेलं, असं सगळ्यांना सांगत सुटला.